चर्च म्हणजे मंडळी: ख्रिस्ती विश्वासणाऱ्यासाठी या शब्दात काय काय येतं

रविवारी सकाळी सोलापुरात कुणी "चर्चला निघालोय" म्हणालं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इमारत येते. उंच छत, घंटा, वर क्रूस. बोलणाऱ्याच्या मनात मात्र बहुतेक वेळा माणसं असतात. मराठी ख्रिस्ती लोकांनी यासाठी दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. जुनी माणसं इमारतीला अजूनही सहज 'देऊळ' म्हणतात, आणि तिथे जमणाऱ्यांना 'मंडळी'. "तुमची मंडळी कुठली?" असं एक ख्रिस्ती माणूस दुसऱ्याला विचारतो, तेव्हा त्याला रस्ता किंवा चौक जाणून घ्यायचा नसतो. तुम्ही कुणातले, तुमच्या सुखदुःखाला कोण उभं राहतं, हे त्याला हवं असतं.

'मंडळी' हे मराठी बायबलमध्ये 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दासाठी वापरलेलं आहे. ग्रीक नगरांत नागरिकांना बोलावून सभा भरवत, त्या सभेला एक्लेसिया म्हणत. बायबलच्या नव्या करारात हा शब्द येशूच्या अनुयायांसाठी आला. येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला पहिलं पत्र साधारण इ. स. ५५ च्या सुमारास लिहिलं, तेव्हा तिथे चर्च म्हणून बांधलेली एकही इमारत नव्हती. लोक कुणाच्या तरी घरी जमायचे. प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरातली मंडळी, फिलेमोनाच्या घरातली मंडळी, असे उल्लेख पौलाच्याच पत्रांत आहेत. आज पुराव्यानिशी माहीत असलेली सगळ्यात जुनी अशी जागा सिरियात दुरा-युरोपोस इथे सापडली. तिसऱ्या शतकातलं साधं राहतं घर. दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी खोली केलेली आणि एका खोलीत बाप्तिस्म्यासाठी, म्हणजे पाण्याने होणाऱ्या दीक्षेसाठी, हौद बांधलेला. रोमन सम्राटांनी इ. स. ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली आणि त्यानंतर मोठमोठी चर्चेस उभी राहू लागली. म्हणजे सुरुवातीचा मोठा काळ मंडळी बहुतेक देवळावाचूनच चालली. म्हणूनच इमारत पडली, विकली गेली किंवा अजून बांधलीच नसली, तरी विश्वासणारा "आमचं चर्च आहे" असं म्हणू शकतो.

मग चार माणसं एकत्र बसली की झालं का चर्च? नाही. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीचं वर्णन आहे. तिथे चार गोष्टी सांगितल्या आहेत: प्रेषितांची (येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांची) शिकवण, एकमेकांची संगत, भाकर मोडणं आणि प्रार्थना. पुढे पंथ कितीही झाले, तरी एखादा मेळावा मंडळी आहे की नुसता कार्यक्रम, हे तपासायला या चार गोष्टी पुरतात. शिकवण आणि प्रार्थना बाहेरच्या माणसाला सहज कळतात. संगत आणि भाकर या दोन समजायला वेळ लागतो, आणि खरा अर्थ तिथेच दडलेला आहे.

संगतीसाठी पौलाने शरीराची उपमा दिली. मंडळी ख्रिस्ताचं शरीर आहे. त्यात डोळा हाताला "तुझी गरज नाही" असं म्हणू शकत नाही, आणि एका अवयवाला दुखलं की सगळ्यांना दुखतं. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला दिंडी पुरेशी आहे. पंढरपूर एकट्यानेही गाठता येतं. दिंडीत मात्र विणेकरी असतो, पखवाजी असतो, टाळकरी असतात, तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका असतात, पताका धरणारे असतात, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. माउलींच्या पालखीच्या समाजआरतीच्या वेळी एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिथले टाळ थांबत नाहीत. चोपदार येऊन ऐकून घेईपर्यंत ते वाजत राहतात. एकाचं दुखणं सगळ्यांच्या कानी घालायची ही रीत आहे. पौलाला शरीर म्हणताना अशीच काहीशी जोडणी अभिप्रेत होती. फरक एवढाच की वारी संपली की वारकरी घरी परततो, आणि मंडळीचं सभासदत्व बाप्तिस्म्यापासून सुरू होतं ते संपत नाही.

ही संगत उपासनेत कुठे दिसते, हे पाहायचं असेल तर उपदेशाइतकंच सूचनांकडे लक्ष द्यावं. मराठी प्रोटेस्टंट मंडळीची रविवारची उपासना साधारण दीड तासाची असते. सुरुवात आवाहनाने आणि गीताने होते. मग पापांगीकार, क्षमेची घोषणा, जुन्या करारातून व नव्या करारातून शास्त्रपाठ, वीस-तीस मिनिटांचा उपदेश, मतांगीकार (सगळ्यांनी मिळून म्हटलेली विश्वासाची कबुली), मध्यस्थीची प्रार्थना, अर्पण, प्रभूची प्रार्थना, आणि शेवटी पाळकांचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा, आशीर्वाद. यात कुठेतरी सूचना येतात. कोण दवाखान्यात आहे, कुणाच्या घरी बुधवारी प्रार्थनासभा आहे, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाकडे मयत झाली. नवख्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो. आमच्या मते मंडळी जिवंत आहे की नाही हे इथेच कळतं. आजाऱ्याचं नाव घेतल्यावर दुपारी चार माणसं त्याच्या घरी गेली, तर पौलाचं शरीर चालतं आहे. नाव नुसतं वाचलं गेलं आणि कुणी हललंच नाही, तर वाद्यवृंद कितीही उत्तम असो, काहीतरी बिघडलं आहे.

गीतांची गोष्टही याच संगतीतली. मराठी ख्रिस्ती उपासनेत ऑर्गनच्या चालीवरची गाणी आहेत, तशीच टाळ-पेटीवरची भजनंही आहेत. याचं मोठं श्रेय नारायण वामन टिळकांना जातं. ते १८६१ मध्ये जन्मले, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १९१९ मध्ये ते वारले. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनशी जोडून राहून त्यांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये रुजवलं. ख्रिस्त हा परक्यांचा देव नसून इथल्या भाषेत, इथल्या छंदात त्याला हाक मारता येते, हे त्यांनी गाऊन दाखवलं. आजही मराठी मंडळीत भजन सुरू झालं की टाळ आपोआप हातात येतात.

आता भाकर.

ज्या रात्री येशू पकडला गेला, त्याच रात्री त्याआधी त्याने शिष्यांबरोबर शेवटचं भोजन घेतलं. भाकर मोडून दिली, प्याला दिला, आणि "माझ्या स्मरणार्थ हे करा" असं सांगितलं. त्यालाच प्रोटेस्टंट मंडळ्या प्रभुभोजन म्हणतात. कॅथोलिक उपासनेला मिस्सा आणि तिथे घेतल्या जाणाऱ्या भाकरीला परमप्रसाद म्हणतात. अनेक मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. पावाचे छोटे तुकडे आणि घोटभर द्राक्षरस प्रत्येकाला मिळतो. कॅथोलिक चर्चमध्ये ते प्रत्येक मिस्सात होतं. तिथली भाकर फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी यांची, खमीर न घातलेली पातळ चकती असते. द्राक्षमद्यात थोडं पाणी मिसळतात. घेणाऱ्याने आधी किमान एक तास अन्न घेतलेलं नसावं असा नियम आहे. पाणी आणि औषध चालतं. उरलेल्या चकत्या वेदीजवळच्या बंद पेटीत ठेवतात आणि तिच्यापाशी दिवा तेवत ठेवतात, कारण कॅथोलिक श्रद्धेनुसार त्या आता नुसती भाकर राहिलेल्या नसतात, ख्रिस्त तिथे खरोखर उपस्थित असतो. प्रोटेस्टंट परंपरांत याविषयी मतं वेगवेगळी आहेत: कुणी त्याला स्मरण मानतात, कुणी ख्रिस्ताची आत्मिक उपस्थिती मानतात.

पण चर्चचा अर्थ समजायला या मतभेदापेक्षा करिंथमधली एक भानगड जास्त उपयोगी पडते. तिथे खाऊनपिऊन सुखी असलेले लोक भोजनाला लवकर येत आणि जेवून मोकळे होत. राबून उशिरा येणारे उपाशी राहत. पौलाने त्याच पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्यांना खडसावलं: तुम्ही जे खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. भाकर तीच, शब्द तेच. पण शेजारचा उपाशी राहिला म्हणून संस्कारच पोकळ झाला. महाराष्ट्रात या वचनाला वेगळी धार आली. अहमदनगर-सोलापूर पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात मंडळ्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांत बहुसंख्य लोक त्या काळी अस्पृश्य ठरवलेल्या जातींतले होते. ज्यांना पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, त्यांना इथे इतरांच्या शेजारी बसून एकच भाकर मिळाली. काही घराण्यांमध्ये चर्चविषयी जी माया आहे, तिचं मूळ या शेजारी बसण्यात आहे. आणि जिथे मंडळीतच जातीची कुजबुज परत शिरली, लग्नाच्या बोलणीत "आमच्यातले मूळचे कोण" असं विचारलं जाऊ लागलं, तिथे करिंथचाच दोष परत आला. तो लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. पौलाने तरी कुठे लपवला?

इथेच पाहुण्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाला किंवा नाताळला आलेले बिगरख्रिस्ती स्नेही भक्तिभावाने रांगेत उभे राहतात, चकती हातात घेतात आणि घरच्यांना प्रसाद म्हणून खिशात ठेवतात. मनात वाईट काही नसतं. पण परमप्रसाद हा वाटायचा प्रसाद नाही; तो त्या शरीराचे सभासद जागच्या जागी घेतात. कॅथोलिक चर्चमध्ये चकती खिशात जाताना दिसली तर कुणीतरी हळूच थांबवेल. राग मानू नये. त्या वेळी जागेवर बसून राहिलं तरी चालतं. अनेक ठिकाणी दोन्ही हात छातीवर दुमडून पुढे गेलं की धर्मगुरू नुसता आशीर्वाद देतात. बाकी प्रार्थना, गीत, उभं राहणं, बसणं, यात कुणीही सामील व्हावं. जुन्या मंडळ्यांत बायका प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घेतात. शेजारची बाई करते तसं केलं की निभावतं. भेटताना "सलाम" म्हणायची मराठी ख्रिस्ती लोकांत जुनी पद्धत आहे.

कुठल्या चर्चमध्ये शिरलो आहोत हे समोरच्या क्रूसावरून बरेचदा ओळखता येतं. क्रूसावर येशूची मूर्ती असेल तर बहुधा कॅथोलिक. त्याचं बलिदान डोळ्यांपुढे राहावं म्हणून ती असते. मोकळा क्रूस असेल तर बहुधा प्रोटेस्टंट. तो पुन्हा उठला, क्रूसावर राहिला नाही, ही त्यामागची भूमिका. वेदी मध्यभागी आणि मोठी असेल तर भोजनावर भर आहे, व्यासपीठ मध्यभागी असेल तर वचनावर.

सोलापुरात हे दोन्ही प्रवाह आहेत. कॅथोलिक मंडळी पुणे धर्मप्रांतात येते. तो धर्मप्रांत १८८६ चा आहे. धर्मग्रामाचे (स्थानिक चर्चचे) फादर, त्यांच्यावर धर्मप्रांताचे बिशप, आणि सर्वांच्या वर पोप अशी रचना. प्रोटेस्टंटांची गोष्ट जरा वळणाची आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक काँग्रिगेशनल परंपरेचे होते. त्या परंपरेत प्रत्येक स्थानिक मंडळी आपले निर्णय आपण घेते, बिशप नसतोच. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं: काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन लोकांचं आधीच एकत्र झालेलं युनायटेड चर्च, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, मेथॉडिस्टांची एक शाखा आणि डिसायपल्स. त्यामुळे आज बिशपही आहे, प्रेसबिटर म्हणजे पाळकही आहेत, आणि सभासद मत देऊन पास्टोरेट कमिटी (स्थानिक मंडळीचा कारभार पाहणारी समिती) निवडतात तेही आहे. तिन्ही पद्धतींचा मेळ घातला आहे. नव्या माणसाला प्रश्न पडतो की पाळकाची बदली बिशप करतो, मग हिशोब सभासदांपुढे का ठेवायचा? उत्तर या इतिहासात आहे. तेच बाप्तिस्म्याचं. या एकीकरणात तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य केले गेले. तान्हेपणी झाला असेल तर पुढे शिकवण घेऊन साधारणपणे बिशपच्या हस्ते दृढीकरण, म्हणजे तो विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी, होतो. बाप्तिस्मा मात्र एकदाच, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

याशिवाय स्वतंत्र मंडळ्या आहेत. घरात, भाड्याच्या हॉलमध्ये जमणाऱ्या. मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलणारं हे शहर, त्यामुळे एकाच प्रार्थनासभेत तीन भाषांत 'आमेन'च्या आधीचे शब्द ऐकू येऊ शकतात.

मतांगीकार म्हणताना 'एक, पवित्र, सार्वत्रिक, प्रेषितीय मंडळी' असे शब्द येतात. ते चौथ्या शतकातल्या निकेयाच्या मतांगीकारातले आहेत. सार्वत्रिक हा मूळ ग्रीक शब्द 'कॅथोलिक'. प्रोटेस्टंट घरातलं पोर हे ऐकून गोंधळतं की आपण तर कॅथोलिक नाही! इथे त्या शब्दाचा अर्थ सगळीकडची, सगळ्या काळांतली मंडळी. सोलापूरची, करिंथची आणि अजून जन्मायची असलेलीही.

कागदांचा भाग रुक्ष आहे, पण घरोघरी अडचण इथेच येते. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही असते. कॅथोलिक चर्चमध्ये लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशीही केली जाते. म्हणून लग्नाआधी बाप्तिस्म्याचा दाखला ताजा, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला मागतात. घरी फ्रेम करून ठेवलेला तीस वर्षांपूर्वीचा चालत नाही. वहीत 'योहान', शाळेच्या दाखल्यावर 'जॉन', आधारवर तिसरंच, असं असेल तर लग्नाची तारीख धरण्याआधी पाळकांकडे जाऊन दुरुस्तीचं बघावं. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्यांनी सभासदत्वाचं पत्र नेऊन तिथल्या मंडळीत द्यावं. ते न दिल्याने माणूस दोन्हीकडे नाममात्र राहतो, आणि लग्न किंवा दफनाच्या वेळी धावाधाव होते.

ख्रिस्ती लग्न १८७२ च्या कायद्याने होतं. वर-वधूंपैकी किमान एक ख्रिस्ती असावा लागतो. साधारण नियमाने विधी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ च्या दरम्यान आणि पाळकांखेरीज दोन साक्षीदारांसमोर व्हावा लागतो. परवानाधारक पाळकाकडे आधी लेखी सूचना द्यायची; ती चर्चमध्ये ठळक जागी लावली जाते, म्हणजे कुणाला कायदेशीर हरकत असेल तर सांगता येते. सूचनेनंतर मिळालेल्या प्रमाणपत्रापासून दोन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे: लग्न लावणाऱ्याला या कायद्याखाली अधिकार आहे का, हे न विचारणं. बिशपकडून दीक्षा झालेल्यांना तो असतो, काहींना सरकारी परवाना असतो. स्वतंत्र मंडळीचा पाळक कितीही प्रेमळ असला तरी परवाना नसेल तर पासपोर्टच्या वेळी प्रमाणपत्र अडतं. विचारण्यात अपमान नाही. चांगला पाळक स्वतःच कागद दाखवतो.

पैशांविषयी थोडक्यात. उत्पन्नाचा दहावा भाग, म्हणजे दशमांश, हा बायबलमधला दंडक. बहुतेक मंडळ्यांत तो सक्तीचा नाही. कापणीच्या सणाला शेतकरी कुटुंबं ज्वारी, कडधान्य, भाजी, कोंबडी असं काहीही वेदीपाशी आणतात, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पन्नास रुपयांचा भोपळा कुणीतरी पाचशेला घेतं. मंगळवेढ्याच्या मालदांडीची ओंजळ वेदीवर पाहिली की अर्पण म्हणजे वर्गणी नव्हे, हे समजावून सांगावं लागत नाही. हिशोब मात्र वर्षातून एकदा सभासदांपुढे वाचला गेला पाहिजे. जिथे तो टळतो तिथे भांडणं सुरू होतात आणि फुटून निघालेला गट दोन गल्ल्या पलीकडे नवी मंडळी काढतो. भांडण कसं मिटवायचं, याची पायरी येशूने सांगून ठेवली आहे, ती त्याची हकिगत सांगणाऱ्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे: आधी एकट्याने एकट्याशी बोल, नाही ऐकलं तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. बहुतेक तंटे पहिली पायरी गाळल्याने चिघळतात. बोलायच्या आधीच सगळ्या मंडळीला कळलेलं असतं. "जिथे दोघे-तिघे माझ्या नावाने जमतात" हे सगळ्यांना पाठ असलेलं वचन याच अध्यायात, या पायऱ्यांच्या लगेच पुढे येतं.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी १२ ते ३ उपासना असते. बहुतेक वर्षी सोलापूरचं ऊन तेव्हा चाळिशीला टेकलेलं असतं. क्रूसावरचे येशूचे सात उद्गार एकेक करून वाचले जातात आणि त्यांवर सात छोटे उपदेश होतात. तीन उद्गार लूककडे आहेत, तीन योहानाकडे आणि एक मत्तय व मार्क दोघांकडे. कुठल्याही एका शुभवर्तमानात सातही सापडत नाहीत. ते मिळवायला किमान तिघांच्या साक्षी एकत्र ठेवाव्या लागतात.

आणि मयत. ख्रिस्ती घरात कुणी गेलं की पहिला फोन नातेवाइकांना आणि दुसरा पाळकांना जातो, अनेकदा उलटही. चर्चची घंटा संथ वाजते. मंडळीतल्या बायका घरी येऊन बसतात, पुरुष खड्डा, पेटी, वाहन बघतात, तरुण पोरं गीतांची पुस्तकं घेऊन येतात. कबरेपाशी पाळक माती टाकतात, मग घरचे, मग प्रत्येकजण मूठभर. प्रेषितांचा म्हटल्या जाणाऱ्या दुसऱ्या मतांगीकारात 'पवित्र जनांची संगत' आणि 'देहाचं पुनरुत्थान' हे शब्द जवळजवळ येतात, आणि विश्वासणारा ते इथे शब्दशः धरतो. म्हणून गेलेला माणूस मंडळीतून वजा होत नाही. कॅथोलिक लोक २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात, फुलं ठेवतात. प्रोटेस्टंटांपैकी बरेच जण ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या, रविवारी पहाटे, अजून अंधार असताना, कब्रस्तानात जमतात. थडग्यांच्या मधल्या वाटेवर उभं राहून उजाडेपर्यंत गातात.